इथे काहीतरी जोरदार

दमदार ज्या आरोळीमुळे घराघरांत पोचला, ती आरोळी कुणी लिहिलेलीच नव्हती. ती लिहायची राहून गेली होती.

झालं असं. सत्तावीस वर्षांपूर्वी ताई एका प्रकाशनसंस्थेत प्रुफं तपासायच्या. शाळेची पुस्तकं, औषधांची माहितीपत्रकं, गाड्यांची वेळापत्रकं, जे छापायला येईल त्यातली चुकलेली वेलांटी हुडकायची आणि समासात खूण करायची, एवढंच काम. दुसऱ्याच्या चुका काढणाऱ्या माणसाला स्वतःचं काही लिहावंसं वाटलं की लोक हसतात. ताईंना ते ठाऊक होतं, म्हणून त्या कुणाजवळ बोलल्या नव्हत्या. पण मुलांच्या चित्रकथा लिहिणारा गृहस्थ ऐन अंकाच्या तोंडावर लग्न करून घरजावई झाला आणि गाव सोडून गेला. सोळा पानं उघडी पडली. थोरले मालक टेबलाटेबलांशी विचारत फिरले, "कुणाला उडणारा माणूस लिहिता येतो का हो?"

"येतो," ताई म्हणाल्या.

येत नव्हता. पण प्रुफं तपासणाऱ्या बाईवर कुणी खोटेपणाचा संशय घेत नाही, ही त्या कामाची जमेची बाजू.

उडणारा माणूस त्यांनी एका रविवारात उभा केला. ताईंना लहानपणापासून दमा. ज्याच्याकडे जे नसतं तेच त्याला थोर वाटतं, तेव्हा त्यांचा नायक श्वासावर चालणारा निघाला. नाव दमदार. अट एकच: जोवर श्वास रोखलेला, तोवर अंगात शंभर जणांचं बळ आणि हवेत उडायची ताकद. श्वास सुटला की धाडकन खाली, चारचौघांसारखा. साहजिकच लढताना त्याला तोंड उघडता येत नाही. जे काय बोलायचं ते उडी मारण्याआधी, एका फुग्यात. फुगा म्हणजे चित्रातल्या माणसाच्या तोंडापाशी असतो तो, संवादाचा.

फुग्यांतली अक्षरं हातानं काढायचं काम अक्षरकाकांकडे होतं. त्यांचा पहिला नियम, एका फुग्यात बावीस शब्द. "तेविसावा शब्द घरी घेऊन जायचा, बाई. इथे त्याला बसायला जागा नाही." दुसरा नियम, समोरच्या कागदावर असेल ते जसंच्या तसं उतरवायचं. मूळ कागदाला मेलेली माशी चिकटलेली दिसली म्हणून नकलेवरही माशी मारून चिकटवणारे कारकून असतात म्हणतात. काका त्या कारकुनांचे गुरू शोभले असते.

पान दोनवरच्या मोठ्या उडीसाठी ताईंना शब्द सुचेनात. त्यांनी फुग्याच्या जागी स्वतःसाठीच टिपून ठेवलं, "इथे काहीतरी जोरदार!" आणि पुढे सरकल्या. परत यायचं विसरल्या.

अंक छापून आला. गच्चीच्या कठड्यावर उभा राहून, छाती फुगवून, बोटभर जाडीच्या अक्षरांत दमदार ओरडत होता: इथे काहीतरी जोरदार! आणि उडी. दुसऱ्यांच्या चुका पकडण्यात सात वर्षं घालवलेल्या बाईची स्वतःची चूक बारा हजार प्रतींत.

"काका, तुम्हाला काहीच वाटलं नाही?" ताईंनी विचारलं तेव्हा त्यांना रडावं की ओरडावं कळत नव्हतं.

"वाटलं ना," काका म्हणाले. "म्हटलं, बाई बऱ्या लिहितात."

ताई राजीनामा लिहायला बसल्या. मालक म्हणाले, पत्रं येऊ देत, मग बघू. पत्रं आली. एवढी आली की टपालवाला मालकांशी भांडला. गावोगावची मुलं पलंगांवरून, भिंतींवरून, बाकांवरून तीच आरोळी ठोकत उड्या मारत होती. एकानं लिहिलं होतं, "आमचे सर वर्गात आले की मी मनात म्हणतो, इथे काहीतरी जोरदार. पण अजून काही झालेलं नाही." राजीनामा फाटला, आणि उडणारा माणूस ताईंच्या गळ्यात पडला तो पडलाच.

त्याच ढिगात आणखी एक पत्र होतं, दोन ओळींचं. "मी मारामारीची सगळी पानं श्वास धरून वाचली. दमदार खाली आला तेव्हाच सोडला."

हे पत्र ताईंनी तीनदा वाचलं. मग कपाट लावून घेतल्यासारखा चेहरा करून त्यांनी ते पर्समध्ये टाकलं.

त्या दिवसापासून दर अंकाला घरी एक विधी सुरू झाला. मारामारीची कच्ची पानं आली की ताई खुर्चीत ताठ बसत, श्वास धरत आणि पानं वाचत. समोर त्यांची आई सेकंदकाटा असलेलं मनगटी घड्याळ घेऊन बसे. दमदारचे पाय जमिनीला लागायच्या आत ताईंचा श्वास सुटला तर मारामारी लांबली, चौकटी छाटायच्या. हा दम्याचा एक उपयोग. जे त्यांच्या छातीला झेपलं ते कुठल्याही पोराला झेपणारच. एकदाच त्यांचा तोल गेला, महापुराच्या अंकात आठ पानं झाली, आणि कुणाच्या तरी आईचं पत्र आलं की आमचं कार्टं ताटावर बसून निळं पडलं. तेव्हापासून मारामारी सहा पानं आणि चाळीस सेकंद, एक चौकट वर नाही. सगळं एका वहीत मांडलेलं असे: अंक, पानं, सेकंद.

ही गोष्ट त्यांनी ऑफिसात कुणाला सांगितली नाही. गुपित सांगितलं की त्याचं धोरण होतं, आणि धोरण झालं की त्यावर बैठक बसते.

असे तीनशे अठरा अंक गेले. अक्षरकाका गेले, त्यांच्या जागी संगणक आला, तोही माशीला माशीच मारतो. ताईंनी लग्न केलं नाही. सवड झाली नाही असं त्या सांगत; मागणी आली नाही असं आई सांगे. मग थोरल्या मालकांचे गुडघे गेले आणि त्यांची मुलगी खुर्चीवर आली. तिला सगळे धाकट्या बाई म्हणू लागले. हुशार होती, कष्टाळू होती, कुणाचा पाणउतारा करत नसे. खोट एकच. हलवायाचं पोर मिठाईला तोंड लावत नाही, तसा तिनं जन्मात दमदारचा एक अंक पुरता वाचलेला नव्हता.

बुधवारी सकाळी शाईबुवांचा फोन आला. शाईबुवा म्हणजे दमदारचे चित्रकार, पहिल्या अंकापासूनचे. त्यांच्या शर्टाच्या बाह्या मूळच्या कुठल्या रंगाच्या हे त्यांच्या बायकोलाही सांगता आलं नसतं.

"ताई, या अंकाची मारामारीची पानं माझ्याकडे परत आलीत. फुग्यांना जागा करा म्हणतात."

"कसले फुगे? त्या सहा पानांत फुगा नसतो."

"आता चौतीस आहेत."

ताई खाली बसल्या. "चौतीस? काय बोलतो तो?"

"बोलतो कसला, उचलली जीभ लावली टाळ्याला! पुलाच्या दोरीला लोंबकळत तो त्या दुष्ट वाळवीराजाला म्हणतोय, 'मला वाटतं, आता तुला धडा शिकवण्याची वेळ आलेली आहे.'"

"लोंबकळताना माणसाला काही वाटत असतं होय?"

"मला विचारू नका. सिनेमा निघणारे दमदारचा. मुका नायक पडद्यावर चालत नाही म्हणे, तेव्हा कागदावरच्याला आत्तापासून बोलतं करायचं. चार जणांची नवी टोळी लिहिणार. आणि तुम्हाला..." शाईबुवा अडखळले. "तुम्हाला सल्लागार केलंय. परवा शुक्रवारी अंक छपाईला."

ताईंनी फोन ठेवला. आई पलीकडे उशांचे अभ्रे बदलत होती. वय ब्याऐंशी, कान पंचविशीतले.

"सल्लागार म्हणजे गं काय?"

"ते विचारतील, मी सांगेन, ते ऐकणार नाहीत."

"म्हणजे मी तुझी आहे तशी." आईनं अभ्रा झटकला. "मग? मूग गिळून बसणारेस का?"

"नाही."

"बरं झालं. घरात बसून धुसफुसलीस तर माझं डोकं उठेल." तिनं मनगटावरचं घड्याळ उतरवून लेकीपुढे ठेवलं. "हे ने. आणि वही. तोंडी सांगशील तर म्हणतील, म्हातारी झाली, हट्टाला पेटली."

"म्हातारी झालेयच की."

"ते त्यांना कशाला सांगायचं?"

ऑफिस चौथ्या मजल्यावर, आणि लिफ्टला कुलूप. दारावरच्या कागदावर लिहिलं होतं, 'दुरूस्तीसाठी बंद'. रु दीर्घ. ताईंनी पर्समधून पेन काढून तो ऱ्हस्व केला, मगच जिना धरला. सवय मेली सुटत नाही.

एका मजल्याला एकवीस पायऱ्या. पहिला मजला त्यांनी झोकात चढला. दुसऱ्यावर कठडा धरला. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये छातीत शिट्टी वाजायला लागली तेव्हा त्यांनी पंप काढून एक झुरका ओढला आणि दहापर्यंत अंक मोजले. दमदार उडत वर जातो; त्याला उडवणारी बाई एकेक पायरी विकत घेत होती. परत फिरायचा विचार आला नाही असं नाही. आला, त्यांनी तो नीट पाहिला, आणि मजकुरातला जास्तीचा काना खोडावा तसा खोडला. त्या टोळीचे चौतीस फुगे एकदा छापून बाहेर पडले की दमदार संपला. मग उरेल तो कुणीतरी उडणारा बडबड्या, आणि त्याची सल्लागार.

तिसऱ्या मजल्यावर शाईबुवांची खोली. ते दारातच उभे होते, हातात दोन पाकिटं. "मूळची मुकी पानं यात. आणि ही फुगेवाली. ताई, घटकाभर टेका तरी."

"टेकले तर उठायची नाही."

"मी येतो बरोबर."

"तुम्ही आलात की तुमच्या डोळ्यांत पाणी येणार, मग मला तुमची समजूत काढत बसावं लागणार. इथेच थांबा."

शाईबुवा थांबले. डोळ्यांत पाणी आलंच होतं.

धाकट्या बाईंनी ताईंना पाहिलं आणि उठून खुर्ची पुढे केली. "अहो ताई, फोन करायचा ना! मी खाली आले असते. पाणी घ्या."

ताईंनी पाणी घेतलं, श्वास जागेवर येईपर्यंत काही बोलल्या नाहीत, आणि तोवर समोरचीला वाईट वाटू दिलं. सत्तावीस वर्षं मुकी पानं लिहिणाऱ्या बाईला गप्प बसण्याचा भाव कळतो.

"तुमचा मान कमी करायचा नाहीये," धाकट्या बाई म्हणाल्या. "पण तुम्हीच सांगा. सहा पानं मारामारी आणि अक्षर नाही. मुलं फटाफट पानं उलटून मोकळी होतात. त्यांना थांबवायला नको?"

"नको."

"म्हणजे?"

"थांबवायचंच नाहीये. तुम्ही दमदार वाचलाय कधी?"

धाकट्या बाई हसल्या, थोड्या लाल झाल्या. "लहानपणी घरात गठ्ठेच्या गठ्ठे असायचे हो. चाळलाय."

"मग आज वाचा. पण त्याची रीत आहे. तो उडी मारतो तिथे श्वास धरायचा, आणि त्याचे पाय जमिनीला टेकले की सोडायचा. मध्ये सोडला तर तो पडला." ताईंनी फुगेवाली पानं पुढे सरकवली आणि आईचं घड्याळ टेबलावर ठेवलं. "आधी तुमची."

"ताई, मला अकराला बैठक आहे."

"चाळीस सेकंदांचं काम आहे. सत्तावीस वर्षांत मी तुमच्या घराण्याकडे एवढंच मागतेय."

धाकट्या बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं, आणि परवानगी मागायला आलेल्या बाईला नाही म्हणण्यापेक्षा हे सोपं असा हिशेब करून श्वास धरला. पहिलं पान. दुसरं. तिसऱ्या पानावर दमदार पुलाला लोंबकळत धडा शिकवण्याची वेळ आल्याचं सांगत होता, तिथे त्यांचे गाल फुगले. चौथ्यावर वाळवीराजा त्याला तीन फुग्यांचं उत्तर देत होता. धाकट्या बाईंनी दुसऱ्या फुग्यात फुस्सकन श्वास सोडला.

"चौतीस सेकंद," ताई म्हणाल्या. "आणि अजून अडीच पानं बाकी. पडला बिचारा, नदीत."

"पण हे काय..."

"आता दोन मिनिटं थांबा. छाती शांत होऊ द्या. मग ही."

दुसऱ्यांदा ताईंनी घड्याळाकडे कमी आणि तोंडाकडे जास्त पाहिलं. पहिल्या पानावर ते तोंड एका कामात गुंतलेल्या बाईचं होतं. तिसऱ्या पानावर पुलाची दोरी तुटली आणि तिच्या भुवया वर गेल्या. चौथ्यावर नदीच्या पाण्याखाली दमदारच्या नाकातून एक बारीकसा बुडबुडा निघालेला शाईबुवांनी काढला होता. तो पाहून तिनं स्वतःचं नाक चिमटीत धरलं. पाचवं पान तिनं जवळजवळ फाडलंच. सहाव्यावर शेवटच्या चौकटीत दमदारचे दोन्ही पाय वाळूत रुतले, आणि प्रकाशनसंस्थेच्या मालकीणबाईंनी खोलीभर ऐकू जाईल असा श्वास सोडला.

"सदतीस," ताई म्हणाल्या.

ताईंनी पर्समधून वही काढून उघडली. धाकट्या बाईंनी हात पुढे केला, आणि ताईंनी ती दिली. वहीत मध्ये मध्ये पत्रं टाचलेली होती. मी बसमध्ये श्वास धरला आणि माझा थांबा गेला. मी आणि माझी बहीण एकाच अंकावर श्वास धरतो, ती लबाडी करते. मी आता बेचाळीसपर्यंत जाते, दमदारला सांगा.

"बाबांनी मला हे कधीच सांगितलं नाही."

"त्यांना ठाऊक नाही."

"सत्तावीस वर्षं?"

"त्यांनी विचारलं नाही. पानं मुकी का, असं एकदा म्हणाले होते. मी म्हटलं, अक्षरकाकांचे कष्ट वाचतात. ते खूश झाले."

धाकट्या बाई हसल्या, आणि हसताहसता त्यांचा चेहरा परत खुर्चीवरचा झाला. "ताई, पटलं मला. पण सिनेमाचा करार झालाय. त्यात तो बोलणारच आहे, ते माझ्या हातात राहिलेलं नाही."

हा घाव ताईंना बसला. जिना चढताना त्यांनी मनाशी धरलं होतं की सगळा दमदार परत खाली घेऊन जायचा. त्यांनी मांडीवर हात ठेवला आणि बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजायला घेतलं. मोजून झाल्यावर एका दमात म्हणाल्या:

"पडद्यावरचा दमदार तुमचा, त्याला हवं तेवढं बोलू द्या. कागदावरचा माझा. तो उडताना गप्प राहील, आणि त्याचा प्रत्येक शब्द मीच लिहीन. लेखी द्या."

"पेरांवर काय मोजत होता?"

"शब्द. बावीसच्या वर गेले तर फुग्यात मावत नाहीत."

धाकट्या बाईंनी कागद ओढला, दोन ओळी लिहिल्या, थांबल्या. "माझीही एक अट. एक वर्ष. सिनेमा बघून आलेली मुलं कागदावरचा मुका दमदार घेईनाशी झाली तर?"

"तर शेवटची उडीही मीच लिहीन. तो माझ्या हातानं खाली उतरेल, त्या टोळीच्या नाही. तेही घाला त्यात."

तेही घातलं गेलं. ताईंनी कागद वाचला, एका ठिकाणचा अनुस्वार पुसून घेतला आणि सही केली. उठताना धाकट्या बाईंनी विचारलं, "आणि ती आरोळी? सिनेमावाले म्हणतात, ती कुठून सुचली कळत नाही, पण तिला हात लावायचा नाही. कशी सुचली हो तुम्हाला?"

"नव्हती सुचली," ताई म्हणाल्या आणि जिन्याकडे निघाल्या.

घरी आईनं दारातच घड्याळ मागितलं, कागद मागितला नाही. ताईंनी टेबलाशी बसून वही उघडली आणि लिहिलं: अंक ३१९, सहा पानं, वाचक धाकट्या बाई, सदतीस सेकंद.

आईनं खांद्यावरून वाकून वाचलं. "तिची छाती धडधाकट ना? मग सदतीसच काय केलं मोजून, पन्नास जायला हवं होतं तिनं."

"मारामारीच सहा पानांत संपली गं, म्हणून सदतीस. पानं तेवढ्याचीच होती."

"मग वाढव पानं."

"निळी पडतील पोरं."

"तू नाही पडलीस ती. चार मजले चढून आलीस." आई घड्याळ मनगटावर चढवून आत गेली. जाता जाता म्हणाली, "पानं झाली की हाक मार. मी जागीच आहे."

एक वर्ष. म्हणजे बारा अंक, बहात्तर पानं मुकी, आणि बारा आरोळ्या. ताईंनी कोरा कागद पुढे ओढला, वर अंक ३२० असं लिहिलं, पान एक, चौकट एक, आणि दम धरला.